दार लावून घ्या

आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी त्यांना एका मोडत्या लग्नाचा सिनेमा दाखवला. तोही एकट्यादुकट्याने नाही, चाळीतल्या सात माणसांना आमंत्रण देऊन. सिनेमाची गोष्ट काय आहे हे मी कोणाला विचारलं नव्हतं, कॅसेट आधी लावून बघितली नव्हती, आणि तरीही या बेतावर मी तीन आठवडे खपलो होतो. माणूस घाईत चुकतो म्हणतात. माझं तसं नाही. माझी प्रत्येक चूक पूर्वतयारीने होते.

त्या सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे त्याला 'तो सिनेमा' एवढंच म्हणतात आणि तेवढ्यावर सगळ्यांना कळतं. जुना, काळा-पांढरा, रंगभूमीवर गाजलेल्या एका नाटकावरून काढलेला. जाणकार अजून त्याच्याविषयी आदराने लिहितात. कुठे त्यावरचा लेख दिसला की मी पान उलटतो.

आमची खोली कांदिवली पूर्वेला, एका बैठ्या चाळीत होती. खोलीत एक पलंग, त्याच्यासमोर भिंतीला टेकवलेलं कपाट, कपाटाच्या आडोशाला स्वयंपाकाचा ओटा आणि त्याच्या मागे मोरी. पुढच्या दारातून आत आलेला माणूस चार पावलांत मागच्या भिंतीला लागायचा. एवढ्या जागेत दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता राहणं ही कसरत आहे, आणि माझ्या आई-बाबांनी ती पाच वर्षं केली. भांडण नाही, आदळआपट नाही. बोलणं माझ्यामार्फत चालायचं. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." बाबा तिच्यापासून दीड हातावर पलंगावर बसलेले असायचे. मी त्यांच्याकडे वळून सांगायचो, "बाबा, पाणी तापलंय." मग बाबा म्हणायचे, "तिला सांग, जातो." मी घरात नसलो की आई भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायची. बाबा कोणालाच सांगायचे नाहीत, नुसते उठायचे.

मी या नोकरीत भेसळ करायचो, हे आज कबूल करायला हरकत नाही. आई म्हणाली, "चहा ठेवलाय म्हणावं," की मी म्हणायचो, "बाबा, आई म्हणते थकला असाल, आधी चहा घ्या." बाबा कपाकडे बघत विचारायचे, "असं म्हणाली?" मी बेधडक हो म्हणायचो. आणि बाबांनी "बरा आहे" म्हटलेला चहा माझ्याकडून आईकडे "असा चहा अख्ख्या अंधेरीत मिळत नाही" होऊन पोचायचा. आई दीड हातावर उभी असायची, तिला दोन्ही कान होते, हे त्या काळात माझ्या लक्षातच येत नसे. माझा समज असा की, हे घर माझ्या जिभेवर उभं आहे.

खरं म्हणजे घर आवाजांवर उभं होतं. आई ताट कसं ठेवते यावरून मला दिवस कळायचा. ताट जमिनीला टेकताना वाटी वाजली नाही म्हणजे दिवस बरा. वाटी वाजली, आमटी सांडली नाही, म्हणजे मधला. आणि ताट आधी ठेवून वाढणं मागाहून, पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटून, असं झालं की मी कॉलेजात तास आहे असं सांगून सटकायचो. हातचं जेवण मात्र कधी बिघडलं नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं तितकीच, सोलकढीत मीठ तितकंच. रागात माणसाचा हात बिघडतो असं मी ऐकलं होतं, आणि हात बिघडला नाही म्हणून राग नसावा असा हिशेब मी लावला होता. आता कळतं की, तिने राग कशातही मिसळू दिला नाही. वेगळा झाकून ठेवला होता.

तो राग सुरू झाला त्या संध्याकाळी मी घरातच होतो. बाबांची गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं आणि ते अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळी करायचे. परबमामा आले. मामा म्हणजे कोणी नात्यातले नव्हेत. बाबांच्या गिरणीत नाट्यमंडळ होतं, त्याचे ते दिग्दर्शक. गिरणी गेल्यावर ते गोरेगावच्या स्टुडिओत लहानसहान कामांसाठी माणसं पुरवायला लागले होते. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं की, एका सिनेमात मालवणी बोलणारी बाई हवी आहे, चार दिवसांचं काम आहे, आणि पहिलं नाव त्यांना आईचंच आठवलं. आई मोरीत बोंबील साफ करत होती. तिच्या हातातली सुरी थांबली, ते मी ऐकलं.

बाबा म्हणाले, "तिने ते सगळं कधीच सोडलंय."

"अरे, तिका विचार तरी," परबमामा म्हणाले.

"त्यात विचारायचं काय?"

आई बाहेर आली. हात ओले, मनगटापर्यंत वास. तिने बाबांकडे पाहिलं, मग मामांकडे, मग पुन्हा मोरीत गेली. सुरी परत चालू झाली. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलली नाही, आणि बाबाही मानी, त्यांनीही बोलणं टाकलं. या प्रसंगात माझा वाटा एवढाच की, मामा गेल्यावर मी आईला विचारलं, "बोंबील तळणार आहेस की कालवण?"

तेव्हा मी नुकताच बारावी झालो होतो. पुढे बी.कॉम. मी इतक्या सावकाश केलं की, माझ्याबरोबरची मुलं नोकरीला लागून त्यांची लग्नं ठरायला लागली. दुसऱ्या वर्षाला एकदा आपटलो, शेवटच्या वर्षाला एकदा. दोन्ही वेळा निकाल सांगताना मी आईला हसवायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी ती म्हणाली, "पुन्हा बस." दुसऱ्या वेळी ओट्याला धरून उभी राहिली थोडा वेळ. पाचव्या वर्षी मी पास झालो तेव्हा मात्र तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "झालं ना नक्की? परत काही राहिलं नाही ना त्यातलं?" आपल्या आईला शिक्षणाची केवढी ओढ, असं वाटून मला भरून आलं होतं.

निकालानंतर तिने मला स्वयंपाक शिकवायला घेतला. भाताला पाणी किती, डाळीला फोडणी कधी, नारळ कसा खवायचा. "तुझ्या बाबांना वरण घट्ट लागतं. पातळ झालं तर बोलायचे नाहीत, पण जेवणार नाहीत." मी पक्याला, माझ्या मित्राला, ऐटीत सांगितलं की, आई माझी लग्नाची तयारी करून घेतेय, हल्लीच्या मुलींना नवऱ्याला स्वयंपाक यायला लागतो. पक्या म्हणाला, "सुन्या, तुला कोण मुलगी देणार ते आधी बघ." दोघांनाही मुद्दा कळला नव्हता.

त्या नाटकाबद्दल मला परबमामांनीच सांगितलं. मी आणि पक्या गोरेगावला स्टुडिओच्या गेटाबाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. नट्या बघायला गेलो होतो. दोन तासांत एक घोडा तेवढा आत गेला. मामांनी मला ओळखलं. चहा पाजला. म्हणाले, "तुझी आवस काय उभी रवायची रे रंगमंचावर. आणि तुझो बापूस विंगेत वही घेवन. तेंचा जमला ता थयच." बाबा नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर होते, हे मला माहीत होतं, पण आई-बाबांचं लग्न नाटकाच्या तालमीत ठरलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. मामांनी गोष्ट पुढे नेली: ऐन वेळी मुख्य बाई आली नाही, म्हणून परळला तिच्या मामाकडे राहणाऱ्या माझ्या आईला पंधरा दिवसांत उभं केलं. स्पर्धेच्या दिवशी सगळं नाटक तिने उचललं आणि शेवटच्या प्रवेशात, दारात उभी असताना, शेवटचं वाक्य विसरली.

"मग?"

"मग काय. तुझ्या बापाशीन वाक्य देवक् होया होता. दिला नाय. म्हणता, वहीचा पान चिकटला. ती उभी रवली, उभी रवली, आणि फिरान येवन खुर्चयेर बसली. पडदो. टाळये पडले, पण परीक्षकांनी शेवट बदललो म्हणान बक्षीस कापला. तीन महिन्यांनी दोघांचा लगीन." चहा संपवून मामांनी आणखी एक माहिती दिली, की त्याच नाटकावरून पुढे सिनेमाही निघाला, मोठमोठी माणसं आहेत त्यात.

मी मामांना नटांची नावं विचारली, कॅसेट मिळेल का ते विचारलं, आई दिसायची कशी ते विचारलं. गोष्ट काय, हे विचारलं नाही. दारात उभी असलेली बाई म्हणजे नवऱ्याची वाट बघणारी बाई, एवढं मी माझं समजून घेतलं. आणि तिथेच, त्या टपरीवर, बेत शिजला. ज्या नाटकाने ही दोघं एकत्र आली, त्याचाच सिनेमा त्यांना शेजारी बसवून दाखवायचा. जुने दिवस आठवतील, एखादं वाक्य सुटेल, आणि माझी सांगकाम्याची नोकरी संपेल. माझं खरंच तेवढंच मागणं होतं. त्या दोघांनी एकमेकांना एकदा 'पाणी तापलंय' म्हणावं, मला मधे न घेता.

कॅसेट पक्याने कुठून तरी मिळवली. व्हीसीआरही त्याच्याच ओळखीतला. टीव्ही शेजारच्या कांबळीकाकूंचा. तो द्यायच्या बदल्यात काकू, काका, त्यांच्या दोन मुली आणि काकूंची आई अशी पाच माणसं आली. आणखी दोघं पलीकडच्या खोलीतली. रविवार होता. सकाळपासून आईने कोंबडी-वडे केले आणि गोडाला शिरवाळे. उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे लाकडी साच्यात घालून ती दांडा दाबायची आणि साचा करकरायचा. शेवया खाली ताटलीत पडत राहायच्या, शेजारी गूळ घातलेल्या नारळाच्या रसाचं पातेलं. तो साचा दाबायला दोन माणसं लागतात. एरवी मी असायचो. त्या दिवशी मी वायरी जोडत होतो, तर बाबा उठले, एक अक्षर न बोलता साच्याचा दांडा धरून उभे राहिले. आईने नको म्हटलं नाही. करकर, करकर. मी पक्याला कोपराने ढोसलं. पक्या म्हणाला, "झकास. सिनेमा लागायच्या आधीच काम झालं की रे."

दुपारी जेवणं झाली. शिरवाळे नंतर, सिनेमा बघता बघता खाऊ असं ठरलं. दार लोटून घेतलं, खिडकीला चादर लावली. बाबा पलंगाच्या टोकाला, आई जमिनीवर ओट्याला टेकून, मधे कांबळी मंडळी. मी उभं राहून छोटंसं भाषण केलं. ते काय होतं हे मला लख्ख आठवतं, पण लिहिणार नाही. शेवट असा होता की, "ज्या कलाकृतीमुळे मी जन्माला आलो, ती आता सादर आहे." काकूंच्या मुली फिदीफिदी हसल्या. आई माझ्याकडे बघत राहिली. "कुठलं नाटक?" तिने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत पडद्यावर नावं यायला लागली आणि तिला उत्तर मिळालं.

सिनेमात एक नवरा आणि एक बायको. दोन खोल्यांचं घर. पहिला अर्धा तास मला वाटत राहिलं की, आता काहीतरी होईल. काही होत नव्हतं. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, दुसरी बाई नाही. तो फक्त बायकोच्या वतीने बोलतो. पाहुणे येतात, तो म्हणतो, हिला चहा चालत नाही. शेजारी सहलीला बोलावतात, तो म्हणतो, हिला गर्दी सोसत नाही. बायको शेजारी उभी असते. दर वेळी कॅमेरा तिच्या तोंडाजवळ जातो आणि ते तोंड उघडायच्या आधी पुढचा प्रवेश सुरू होतो. काकू म्हणाल्या, "हा काही वाईट नाही गं बाई. जरा जास्त बोलतो एवढंच." त्यांच्या आईने विचारलं, "गाणी नाहीत का यात?"

मी मात्र सिनेमा बघत नव्हतो, बाबांना बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावरचा नट बोलायच्या अर्धा क्षण आधी बाबांचे ओठ ते वाक्य बोलून मोकळे व्हायचे, आवाज न करता. नायिकेचंही तेच, नोकराचंही. आख्खं नाटक त्या माणसाच्या तोंडात इतकी वर्षं पडून होतं. आणि मी वळून आईकडे पाहिलं तर तिचे ओठही हलत होते, फक्त बायकोच्या वाक्यांना. खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच वेळी एकच वाक्य बोलत होती. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी पक्याला डोळा मारला. आयुष्यात मी जितक्या वेळा खूश झालोय त्यातला तो वरचा क्षण असेल. आजही तो आठवला की, मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

शेवटचा प्रवेश आला. बायको एक पत्र्याची ट्रंक उचलते आणि दाराकडे जाते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं: ही वाट बघायला दारात उभी नाही, ही निघाली आहे. ती दारापाशी थांबते. नवऱ्याकडे बघते. संगीत थांबलेलं. टीव्हीवर आडव्या रेघा सरकत होत्या. बराच वेळ ती तशीच उभी राहते, आणि मग काही न बोलता ट्रंक खाली ठेवते, आत जाते, स्टोव्ह पेटवते. व्हायोलिनं सुरू. सिनेमावाल्यांनी शेवट बदलला होता. बायका उठून गेल्या तर तिकीट कोण काढणार, असं त्यांना वाटलं असेल. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, संसार वाचला."

पण त्याच्या आधी, ती दारात उभी असताना, व्हायोलिनं सुरू व्हायच्या आत, खोलीत एक आवाज आला होता. कुजबुज म्हणता येणार नाही. प्रॉम्प्टरचा आवाज निराळा असतो. विंगेतून रंगमंचापर्यंत पोचतो आणि पुढे प्रेक्षकांत जात नाही. सपाट, कसलाही भाव न घातलेला. बाबांनी म्हटलं होतं, "जाते मी. दार लावून घ्या."

त्यांनी ते मुद्दाम म्हटलं असं मला आजही वाटत नाही. समोरच्या नटीचं वाक्य अडलं होतं आणि विंगेतल्या माणसाने ते दिलं, इतकंच. पण आईने मान वळवली. तिने बाबांकडे सरळ पाहिलं आणि त्यांच्याशीच बोलली, मला मधे न घेता. माझं मागणं पूर्ण झालं.

"तेव्हा का नाही दिलंत?"

बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "पान चिकटलं होतं."

"तुम्हाला नाटक पाठ होतं."

काकूंच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीवरची नजर काढली. "तू तिथे उभी होतीस. मला वाटलं, नाही दिलं तर थांबशील."

"थांबले की," आई म्हणाली. "पंचवीस वर्षं."

ती ओट्याला हात देऊन उठली. कपाटाच्या मागून तिने एक कापडी पिशवी काढली, चांगली भरलेली. ती कधी भरली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला सुचलं ते भलतंच. मी म्हणालो, "आई, दुकानात चाललीस का? पक्या आणेल ना काय ते." तिने चपला घातल्या. म्हणाली, "रस पातेल्यात आहे. नासायच्या आत सगळ्यांना दे." मग दारात थांबून बाबांकडे वळली. नाटकात ते वाक्य कसं म्हणायचं असतं मला माहीत नाही. तिने ते दूधवाल्याला सांगावं तसं म्हटलं.

"दार लावून घ्या."

बाबा उठले. मला वाटलं, मागे जातील. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

आतमध्ये आम्ही दहा माणसं होतो. कांबळी कुटुंबाला घरी जायचं होतं आणि दारापाशी बाबा उभे होते, पाठ आमच्याकडे, हात कडीवर. 'कडी काढा' म्हणायची कोणाचीच हिंमत होईना. पक्याला शांतता सोसत नाही. त्याने काहीतरी करायचं म्हणून रिवाइंडचं बटण दाबलं. पडद्यावर बायको स्टोव्ह विझवून उलट्या पावलांनी दारापाशी गेली आणि तिने ट्रंक उचलली. "बंद कर रे ते," काका म्हणाले. मी शिरवाळे वाढले. खरंच वाढले. आईने सांगितलं होतं. वाट्या भरल्या, वर रस घातला, एकेकाच्या हातात दिल्या आणि त्या सात जणांनी मान खाली घालून मुकाट्याने खाल्ले. काकूंची आई तेवढी म्हणाली, "गोड बेताचं आहे." बाबांची वाटी मी त्यांच्या मागे नेऊन धरली. म्हणालो, "बाबा, आई म्हणाली, तुम्ही आधी घ्या." पाच वर्षांची सवय. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणाली?" या वेळी मला हो म्हणता आलं नाही.

आई मुलुंडला गेली, शालूमावशीकडे. मावशीचा पोळी-भाजीचा धंदा होता, त्यात तिने हात घातला. बाबा तिला आणायला गेले नाहीत. मी गेलो, तीनदा. तिने मला जेवू घातलं आणि परत पाठवलं. बाबांसाठी मी वरण करायचो, घट्ट. ते जेवायचे. माझं लग्न होईपर्यंत तेरा वर्षं आम्ही दोघंच त्या खोलीत राहिलो, आणि तेवढ्या काळात त्यांनी तिचं नाव घेतलेलं मला आठवत नाही. माझ्या लग्नात ती आली, मांडवात त्यांच्या शेजारी उभी राहिली, फोटो निघाला. त्यानंतर ती बाबा गेले तेव्हा आली. चाळ पाडायच्या आधी मी सामान हलवलं तेव्हा पलंगाखालच्या पेटीत नाटकाची ती वही सापडली. शेवटचं पान मी अंगठ्याने चाचपून पाहिलं. कशालाही चिकटलेलं नव्हतं.

चाळीच्या जागी आता मनोरा आहे, आणि आम्ही त्याच्या अकराव्या मजल्यावर राहतो. मावशी गेल्यानंतर आई माझ्याकडे आली. कानाला यंत्र आहे, बाकी खणखणीत. तो सिनेमा आता फोनवर फुकट दिसतो. माझ्या मुलीने शोधून दिला. आठवड्यापूर्वी दुपारी मी तो लावून बसलो होतो, आवाज बारीक करून. बायको ट्रंक घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मागे कोणीतरी आहे असं वाटलं. आई काठी टेकून उभी होती. बघत होती. स्टोव्ह पेटला, व्हायोलिनं वाजली. तिने तोंड वाकडं केलं.

इतक्या वर्षांत मी तिला जे विचारलं नव्हतं, ते विचारलं. म्हणालो, "आई, एक सांग. मी तो सिनेमा आणला नसता, तर तू गेली नसतीस ना?"

"सोमवारी जाणार होते," ती म्हणाली. "शालूने कपाट रिकामं करून ठेवलं होतं. तुझ्या सिनेमाने रविवारी गेले."

मी फोन बंद केला. चाळीस वर्षं मी एक अपराध उरावर घेऊन फिरत होतो. त्यावर रडलोही होतो, चारचौघांत रंगवून सांगितलाही होता. आता तोही माझा नव्हता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही गेलीस," मी म्हणालो.

"तुझ्यामुळे कशाला जाईन? तुझ्यामुळे थांबले होते. पोरगा ग्रॅज्युएट झाला की जायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं." ती काठी टेकत आत निघाली, आणि दारातून वळून म्हणाली, "तीन वर्षांचं काम. तू मेल्या दोनदा नापास झालास."